डिझेल प्याले कोण?



या व्यासपीठावर वेदान्ताची चर्चा होते, इतिहासाची होते, आणि काल तर एका विद्वान व्याख्यात्यांनी आपणां सर्वांस ग्रहताऱ्यांपर्यंत नेऊन सुखरूप परत आणले. आज आम्ही आपणांस एका जुन्या जीपगाडीखाली नेणार आहोत. तेथे उजेड कमी आणि तेलकटपणा फार, याबद्दल आधीच क्षमा मागतो.

मालेच्या चिटणीसांचे पत्र आले तेव्हा आम्ही त्यांस कळविले होते की, आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण गॅरेजात पाने पुसता पुसता आणि रात्री नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. त्यावर त्यांचे उत्तर आले, की जे हाताने शिकलात तेच सांगा. म्हणून हा विषय. जुनी डिझेल जीप ओढेनाशी झाली आणि डिझेल मात्र दुप्पट पिऊ लागली, तर दोष कोठे शोधावा आणि कोणत्या क्रमाने शोधावा? विषय यंत्राचा आहे. परंतु आमच्यापुढे तो आला एका माणसाच्या भाकरीचा प्रश्न म्हणून, तेव्हा सांगणारही तसाच आहोत.

गोष्ट २००५ सालची. एका आस्थापनेत चार चाकांना ओढ असलेली, अडीच लिटरच्या एंजिनाची एक जुनी जीप होती. कोल्हापूरहून आंबा घाट उतरून साखरप्याकडे आणि परत, असा तिचा नित्याचा फेरा. चालक एकोणीस वर्षांचा जुना, आमचा सभासद. एके दिवशी त्याच्या हाती नोटीस पडली. नोंदवहीप्रमाणे ही गाडी पूर्वी लिटरला ११ किलोमीटर जात असे, ती आता ७.५ वर आली. महिन्याची धाव १५००, डिझेल लागले २००. ११ च्या हिशेबाने लागावयास हवे होते १३६. सबब दरमहा ६४ लिटर डिझेलचा अपहार झाल्याचा संशय. माणूस निलंबित झाला. त्या वेळच्या १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याप्रमाणे पहिले ९० दिवस निम्म्या पगाराइतका निर्वाहभत्ता मिळावयाचा. निम्म्या पगारात घर कसे चालते ते या सभेतील गृहिणींस सांगावयास नको.

त्याची पत्नी कचेरीत आली. रडली नाही, भांडली नाही. एवढेच म्हणाली, "दादा, महिन्याला चौसष्ट लिटर डिझेल विकलं असतं, तर ते घरात कुठंतरी दिसलं नसतं का?"

आम्ही मग संघटना जे करते ते सर्व केले. दरवाजावर सभा घेतली, घोषणा दिल्या, निवेदन दिले. सभा संपल्यावर आमचे एक वयोवृद्ध मिस्त्री, ज्यांस सारा कारखाना चाचा म्हणतो, ते जवळ आले आणि म्हणाले, "भाऊ, घोषणा झाल्या. आता सांगा, गाडी कुणी बघितली का?"

गाडी कोणीच पाहिली नव्हती! व्यवस्थापनाने वही पाहिली होती, आम्ही माणूस पाहिला होता. आम्हांस त्या प्रश्नाची मनापासून लाज वाटली. ज्या माणसाने तरुणपणी दहा वर्षे गाड्यांखाली काढली, त्याने घोषणा देण्याआधी बॉनेट उघडावयास हवे होते. दुसऱ्या दिवशी चौकशी अधिकाऱ्यांकडे आम्ही एकच अर्ज केला: उभय पक्षांसमक्ष गाडीची तपासणी व्हावी. त्यांनी तो मान्य केला, आणि तीन आठवडे आम्ही त्या जीपची चौकशी केली.

आता डिझेल एंजिनाचा स्वभाव थोडक्यात सांगितला पाहिजे. पेट्रोलच्या एंजिनात ठिणगी पडते. डिझेलमध्ये ठिणगी नाही. केवळ हवा आत घ्यावयाची, ती पंधरा-वीस पट दाबावयाची, म्हणजे ती इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. रुडॉल्फ डीझेल यांनी १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्ग येथे आपले एंजिन चालवून दाखविले, तेव्हा इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के त्याने कामास लावली. त्या काळी हा चमत्कारच होता. पुढे रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९२७ पासून या एंजिनांचे फवारणी-पंप मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले, आणि हे एंजिन मोटारीत बसू शकले. याच बॉश यांनी आपल्या कामगारांस १९०६ साली आठ तासांचा दिवस दिला होता, हे आम्ही जाता जाता सांगतो. संघटनेच्या माणसास तेवढी मुभा असावी.

ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही, की एक लिटर डिझेल पूर्ण जाळावयास सुमारे दहा हजार लिटर हवा लागते. आपण म्हणतो गाडी डिझेल पिते. वास्तविक ती हवा पिते, आणि तोंडी लावण्यास डिझेल घेते. हवा कमी पडली, किंवा डिझेल धुक्यासारखे न उडता थेंबांनी पडले, की ते अर्धवट जळून काळ्या धुरावाटे निघून जाते. म्हणून जाणता मिस्त्री प्रथम धुराकडे पाहतो. काळा धूर म्हणजे डिझेल अधिक किंवा हवा कमी. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडते आहे: एंजिन गार आहे, दाब कमी आहे किंवा फवारा उशिरा पडतो आहे. निळा धूर म्हणजे एंजिन ऑइल जळते आहे. आणि ओढ नाही पण धूरही नाही, असे असेल तर बहुधा एंजिनास डिझेल पुरेसे पोचतच नाही: फिल्टर तुंबला आहे, नळी हवा ओढते आहे, किंवा टाकीच्या झाकणाचे बारीक छिद्र बुजले आहे. झाकण उघडताच फुस्स असा आवाज आला, तर दोन मिनिटांत निदान झाले!

आमच्या जीपचा धूर काळा होता. घाटात तर मागची गाडी दिसेनाशी होई.

परंतु चाचांनी आम्हांस धुराकडे पाहू दिले नाही. ते म्हणाले, "आधी टेप आणा." खडूने टायरवर खूण केली, गाडी चाकाच्या एका फेऱ्याइतकी पुढे ढकलली, अंतर मोजले. भरले २.३६ मीटर. मूळ मापाचा एक जुना टायर दुसऱ्या जीपला होता, त्याचे भरले २.२०. म्हणजे कोणी तरी या गाडीला मोठे टायर घातले होते. किलोमीटरचा काटा चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. आम्ही महामार्गावर दहा किलोमीटरच्या दगडांमध्ये गाडी चालवून पाहिली, काट्याने ९.३ दाखविले. तेव्हा वहीतले १५०० किलोमीटर रस्त्यावर १६१२ होते, आणि वहीतले ७.५ हे वास्तविक ८ होते. त्या ६४ लिटरांपैकी १० लिटर डिझेल कोणी चोरले नव्हते, कोणी जाळलेही नव्हते; ते केवळ चुकीच्या गणितात सांडले होते.

यावरून पहिला नियम असा, की आरोप करण्यापूर्वी मापे तपासावी. टाकी काठोकाठ भरून, एकाच पंपावर, त्याच रस्त्याने, तेवढ्याच वजनाने दोन-तीनशे किलोमीटर जावे आणि पुन्हा काठोकाठ भरावी. आणि एका वेळी एकच दुरुस्ती करावी. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर आपण काहीच शिकलो नाही. ही सर्व चाचणी व्यवस्थापनाने दिलेल्या चालकाने केली. आमचा माणूस स्टिअरिंगला शिवला नाही.

दुसरा नियम: एंजिनास हात लावण्यापूर्वी गाडी मोकळी धावते का ते पाहावे. सपाट रस्त्यावर गिअर काढून गाडी सोडावी. ती डौलाने जाते की लगेच दम खाऊन थांबते? पाच-सात किलोमीटर चालवून, ब्रेक फारसा न लावता थांबावे आणि प्रत्येक चाकाच्या हबाजवळ हात न्यावा. आमच्या जीपचे मागचे डावे चाक चटका बसेल इतके तापले होते. जॅकवर चढविले तर हाताने फिरेना. ब्रेक चिकटून बसला होता. गाडी एक पाय बांधलेल्या बैलासारखी दिवसभर ओढत होती. जुन्या जीपमध्ये हातब्रेक कित्येकदा चाकांवर नसून गिअरपेटीच्या मागे असतो, तोही पाहावा. टायरमधील हवा पाहावी. पुढच्या चाकांची ओढ कोरड्या रस्त्यावर चालू राहिलेली नाही ना, हे पाहावे. चढावर वरच्या गिअरमध्ये एंजिनाचा आवाज चढतो पण गाडी चढत नाही, असे असेल तर क्लच घसरतो. आणि कोणी तरी पेडल तळापर्यंत दाबावे, दुसऱ्याने पंपाचा खटका शेवटास टेकतो का ते पाहावे. पायाखालच्या जाड गालिच्यामुळे ओढ गमावलेली गाडी आम्ही स्वतः पाहिली आहे, आणि तिच्या मालकाने पंप उघडण्यावर पैसे घालविले होते.

त्यानंतर हवा. या गाडीचा एअर क्लीनर जुन्या धर्तीचा, तेलाच्या वाटीचा. त्यात हवा तेलावरून जाते आणि धूळ तेलात अडकते. वाटी काढली तर तेलाऐवजी चिखल. ब्रेक मोकळा केला, टायरची हवा भरली, वाटी धुऊन नवे तेल घातले. दर वेळी टाकी भरून मोजले. लिटरला ८ ची ८.८ झाली. पाहा, अजून एंजिनाचा एक बोल्टही सोडला नव्हता.

आता एंजिनाकडे वळलो. अशा काही गाड्यांच्या पंपात हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर असतो. एंजिन हवा ओढते, त्या ओढीने पंपातील एक पडदा मागे सरतो आणि डिझेलला लगाम बसतो. पडदा फाटला किंवा त्याची नळी चिरली, की लगाम सुटतो आणि गाडी वाटेल तसे डिझेल ओतते. म्हणून प्रथम त्यावर संशय घेतला. परीक्षा सोपी आहे: एंजिन बंद ठेवून पंपाचा खटका बंदकडे दाबावा, नळीचे तोंड बोटाने गच्च धरावे आणि खटका सोडावा. पडदा शाबूत असेल तर सळई लगेच परत धावत नाही, अडून राहते. आमची अडून राहिली. पडदा निर्दोष सुटला. चौकशीत एखादा आरोपी निर्दोष ठरणे हीही प्रगतीच असते.

मग नोझल. एंजिन मंद चालू ठेवून एकेका सिलिंडरच्या डिझेल-नळीची चाकी थोडी ढिली करावी. चांगल्या सिलिंडरची नळी ढिली केली की एंजिन लंगडते. ज्याची ढिली करूनही फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करीतच नव्हता. येथे तरुण मित्रांस कळकळीची सूचना: चाकीवर फडके टाकावे, डोळे जपावे, आणि डिझेलच्या धारेपुढे बोट कधीही नेऊ नये. तिचा दाब हवेच्या दाबाच्या शेकडो पट असतो. ती कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट गमवावे लागते. आमच्या गाडीचा तिसरा सिलिंडर आळशी निघाला. नोझल काढून हातपंपावर लावले, तर धुक्याऐवजी पिचकारी, आणि पिचकारी थांबल्यावर टोकाशी थेंब. बाकीचे तीनही फार बरे नव्हते.

टॅपेटची फट गेजने पाहिली, बरोबर केली. सिलिंडरांचा दाब मोजला; चारही थोडे उतरलेले, पण जवळजवळ सारखे. एंजिन म्हातारे होते, परंतु आजारी नव्हते. हा भेद जसा एंजिनात तसा माणसांतही महत्त्वाचा असतो.

आणि मग दोन गोष्टी सापडल्या, ज्यांनी सारा इतिहास उलगडला.

पहिली ही, की पाण्याच्या वाटेवरचा थर्मोस्टॅट जागेवर नव्हताच. कोणी तरी काढून टाकला होता. आमच्याकडे हा रोगच आहे. गाडी तापली की मिस्त्री सांगतो, "व्हॉल्व्ह काढून टाकू, पाणी मोकळं फिरेल." पाणी मोकळे फिरते हे खरे, परंतु सुमारे ८० अंशांवर चालावयाचे एंजिन सपाटीवर गारच राहते, आणि गार एंजिन डिझेल नीट जाळीत नाही. दुसरी गोष्ट: पंपावर जास्तीत जास्त डिझेलची मर्यादा ठरविणारा जो स्क्रू असतो, त्याचे सील तुटले होते आणि स्क्रू फिरविलेला होता.

आता क्रम लावा. एका साहेबांच्या मनात आले की जीप रुबाबदार दिसावी, म्हणून मोठे टायर घातले. चाक मोठे झाले म्हणजे गिअर जणू वरचा पडला. घाटात गाडी ओढेना. ओढेना म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढविले. डिझेल वाढले पण हवा वाढली नाही. काळा धूर येऊ लागला आणि घाटात एंजिन तापू लागले. तापते म्हणून थर्मोस्टॅट काढला. मग सपाटीवर एंजिन गार राहू लागले आणि डिझेल आणखी वाढले. एका चुकीच्या उपायातून दुसरा जन्मला, दुसऱ्यातून तिसरा. आणि या साखळीच्या शेवटी स्टिअरिंगवर जो बसला होता, त्याच्या हाती नोटीस पडली.

स्क्रू कोणी फिरविला? येथे आमची परीक्षा होती. हात आमच्याच एका सभासद मिस्त्र्याचा होता. कार्यकारिणीत काही जण म्हणाले, हे झाकून ठेवा, नाहीतर एकाला सोडविताना दुसरा अडकेल. दोन रात्री वाद झाला. अखेर आम्ही त्या मिस्त्र्याकडे गेलो. तो म्हणाला, "साहेबांनी सांगितलं ओढ वाढव, मी वाढवली. पण त्याच्यापायी त्याची नोकरी जाते, तर मी बोलतो." आणि चौकशीत उभा राहून तो बोलला. खोटे बोलून माणूस वाचविता येतो असे ज्यांस वाटते, त्यांस आम्ही एवढेच सांगू की पुढच्या वेळी आपले खरेही कोणी ऐकत नाही.

थर्मोस्टॅट नवा बसविला: ८.८ ची ९.२ झाली. नोझल बदलून, पंप परीक्षायंत्रावर लावून, स्क्रू मूळ मापास आणून सील केले: १०.३ झाली. आणि नवल असे, की डिझेल कमी केल्यावर आंबा घाटात गाडी पूर्वीपेक्षा बरी चढली. कारण आता चार सिलिंडर ओढत होते आणि चाक मोकळे होते. हिशेब मांडला. रस्त्यावरच्या १६१२ किलोमीटरना आता २०० नव्हे, १५६ लिटर पुरत होते. नोंदवहीतील ६४ लिटरांपैकी १० चुकीच्या मापाचे, ४४ बिघाडांचे, आणि उरलेले १० म्हाताऱ्या एंजिनाचे व मोठ्या टायरांचे. चालकाच्या वाट्यास एक थेंबही उरला नाही.

तरीही व्यवस्थापनाच्या वकिलांनी शेवटचा प्रश्न केला, आणि प्रश्न योग्य होता: गाडी इतकी बिघडली होती, तर रोज चालविणाऱ्याने सांगितले का नाही? आम्ही गाडीची तक्रारवही मागविली. गेल्या आठ महिन्यांत त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरांत तीन नोंदी होत्या. "गाडी ओढत नाही." "काळा धूर फार." "मागचे डावे चाक गरम." प्रत्येक नोंदीखाली एकच शब्द आणि सही: "पाहिले."

कोणीही पाहिले नव्हते.

आरोप मागे घेतला गेला, मागचा पगार मिळाला, माणूस त्याच गाडीवर परत गेला. टायर घालणाऱ्या साहेबांस कोणी काही विचारले नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो. विजयाच्या गोष्टी नेहमी थोड्या अपुऱ्या असतात, आणि त्या पूर्ण झाल्यासारख्या सांगू नयेत. मात्र त्या दिवसापासून आमच्या संघटनेने एक नियम केला. डिझेलच्या हिशेबावरून कोणाही चालकावर आरोप आला, की आमचा पहिला अर्ज गाडीच्या तपासणीचा असतो आणि दुसरा तक्रारवहीचा. दोनदा असेही घडले की गाडी निर्दोष निघाली आणि माणूस दोषी. तेव्हा त्याला शिक्षा कमी व्हावी म्हणून आम्ही भांडलो, पण तो निर्दोष आहे असे म्हटले नाही.

आपल्यापैकी कोणाकडे जुनी जीप असेल, तिने डिझेल खाण्यास आरंभ केला असेल, तर घरी जाऊन पंपवाल्याकडे धावू नका. आधी टेप घ्या, मग चाकांना हात लावा, मग एअर क्लीनर उघडा, आणि स्क्रूला सर्वांत शेवटी, तोही जाणत्याच्या हातून. आणि आपल्यापैकी कोणाच्या टेबलावर तक्रारवही सहीसाठी येत असेल, तर त्यांस हात जोडून एकच विनंती: "पाहिले" असे लिहिण्यापूर्वी उठून दोन पावले चालत जावे आणि पाहावे.